हवेच्या झोताने मोजलेले डोळ्यांचे प्रेशर कितपत धरून चालावे?

सांजवेळ:
चष्म्याचा नंबर काढताना यंत्राने माझ्या डोळ्यांवर हवेचा झोत सोडला. मी दचकलो, तरी कागदावर उजव्या डोळ्याची सरासरी २४ (पाऱ्याचे मिलिमीटर, म्हणजे mmHg) छापून आली. आठवड्याभराने नेत्रतज्ज्ञांनी बधिर करणारे थेंब घालून, पिवळा रंग लावून, निळ्या उजेडात मोजले तेव्हा तोच डोळा १८ वर होता. वडिलांना काचबिंदू असल्यामुळे हा फरक मला सोडून देता येत नाही. डोळ्याला न शिवता आतला दाब कळतो तरी कसा, आणि कोणता आकडा खरा मानावा?

दृष्टिमापक:
झोत काही मिलिसेकंदच टिकतो. त्याचा जोर वाढत जातो तसा कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, आधी सपाट होतो आणि मग किंचित आत दबतो. यंत्र त्याच वेळी तिरपे अवरक्त किरण टाकत असते. कॉर्निया सपाट झाला की तो आरशासारखा वागतो आणि समोरच्या सेन्सरवर सर्वाधिक प्रकाश पोहोचतो. त्या क्षणी झोताला किती जोर लागला, यावरून दाब काढला जातो. ग्रोलमन यांचे हे तंत्र १९७२ पासूनचे आहे.

मात्र मोजणी इतकी क्षणिक असते की नाडीच्या ठोक्यागणिक होणारा दाबाचा चढउतारही आकड्यात उतरतो, म्हणून प्रत्येक डोळ्याची निदान तीन वाचने घेतात. तुमची तीन कोणती होती? कॉर्नियाची जाडी मोजली का?

सांजवेळ:
२७, २३, २२. जाडी ५८८ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग).

दृष्टिमापक:
पहिले २७ हे बहुधा दचकण्याचे असावे, कारण पापण्या आवळल्या किंवा श्वास रोखला तरी दाब वाढतो. उरलेल्या फरकात जाडीचा वाटा असू शकतो. निळ्या उजेडातली पद्धत गोल्डमन यांची; तिचे गणित सुमारे ५२० मायक्रॉन जाडी गृहीत धरते. जाड कॉर्निया सपाट करायला जास्त जोर लागतो, त्यामुळे दोन्ही पद्धतींत आकडा फुगतो, झोताच्या पद्धतीत सहसा अधिक. पण जाडीवरून इतके वजा करा, असे सर्वमान्य सूत्र नाही. इंटरनेटवरचे तक्ते लावून स्वतःचे समाधान करून घेऊ नका.

एकचष्मी:
माझे नेमके उलटे आहे. लेसिकनंतर, म्हणजे चष्मा घालवण्याच्या लेझर शस्त्रक्रियेनंतर, कॉर्निया पातळ झाल्याने यंत्र १२ दाखवते आणि तपासणारे खूश होतात; प्रत्यक्षातला दाब त्याहून जास्त असू शकतो, हे दर वेळी मलाच सांगावे लागते.

दृष्टिमापक:
अगदी बरोबर, आणि ते सांगत राहा. सांजवेळ, दाब २१ च्या, म्हणजे सामान्य मानल्या जाणाऱ्या मर्यादेच्या, आत असूनही काचबिंदू होऊ शकतो, त्यामुळे १८ वर निर्धास्त होऊ नका. वडिलांचा इतिहास पाहता ऑप्टिक नर्व्हची (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेची) तपासणी आणि फील्ड टेस्ट (नजरेच्या कडेपर्यंत किती दिसते याची चाचणी) करून घ्या. दाब दिवसभरात बदलतो, म्हणून पुढची मोजणी त्याच निळ्या उजेडातल्या पद्धतीने आणि शक्यतो त्याच वेळी करून घ्या, आणि कागदावर वेळ लिहून ठेवायला सांगा.