नाळ जरा थांबून कापा, हे डॉक्टरांना कसं सांगू?

डिचोलीकरीण: आठवा सरत आलाय, दुसरी खेप. थोरल्याच्या वेळी तो नीट रडायच्या आत कात्री चालली होती. नऊ महिन्यांचा झाला तेव्हा हिमोग्लोबिन ८.९. मग लोहाचे थेंब: निम्मे माझ्या गाउनवर, उरलेल्यांनी त्याचे दोन दात काळे. नाळ उशिरा कापली तर बाळाला लोह मिळतं म्हणे. सासूबाई म्हणतात, त्यांची वयजीण, म्हणजे सुईण, वार पडेपर्यंत नाळेला हात लावत नसे. पण डॉक्टरांना सांगायचं कसं? शहाणपणा वाटायला नको.

निवृत्त सिस्टर, फोंडा: बाय, आम्हाला शिकवलंच होतं तसं. बाळ आलं की चिमटा, कात्री, टेबल. मीही शेकडो कापल्या. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते, निदान १ मिनिट थांबा, १ ते ३ मिनिटांत कापा. तेवढ्यात वारेतलं ८० ते १०० मिली रक्त बाळात उतरतं. अंगावरच्या दुधात लोह थोडं, म्हणून पहिले सहा महिने बाळ याच शिदोरीवर काढतं.

नाळ बघितलीस कधी? आधी निळसर, जाड, पिळाची; बोटाला ठोके लागतात. मग हळूहळू पांढरी, लुळी पडते. तोवर बाळ पुसून तुझ्या पोटावर. तुझा रक्तस्राव त्याने वाढत नाही. सिझेरियनमध्येही थांबता येतं. मात्र बाळ श्वास घेईना तर हट्ट नको, लगेच कापू दे.

कळा सुरू झाल्यावर विचारू नकोस. पुढच्या तपासणीलाच सरळ विचार, "नाळ कापायला तुम्ही किती थांबता?" आणि फाईलवर लिहून घे. तुझं स्वतःचं हिमोग्लोबिन किती आहे?

पेडण्याचा बाप: आमच्याकडे थांबले. तिसऱ्या दिवशी कावीळ, दोन रात्री निळ्या दिव्याखाली. नाळेमुळेच झाली असं नाही, पण उशिरा कापल्यावर ती शक्यता थोडी वाढते हे आधी कोणी बोललं नव्हतं. आणि नाळेतलं रक्त साठवायचं पॅकेज घेतलं असेल तर थांबल्यावर पिशवीत कमी येतं. एजंट ते सांगत नाही.

डिचोलीकरीण: पॅकेज नाही घेतलं. माझं १०.४. म्हणजे या खेपेला थेंब चुकले?

निवृत्त सिस्टर, फोंडा: १०.४ कमीच, गोळ्या चुकवू नकोस, चहाबरोबर तर नकोच. थेंबही चुकत नाहीत गो. सहा महिन्यांनंतर सरकारी कार्यक्रमातलं सिरप असतं, आठवड्यातून दोनदा. गालाच्या आत, मागच्या बाजूला सोड, दातांवर नाही.