वैयक्तिक परवान्याची अट आधी बघा

सहा जणांच्या टीमसाठी जेटब्रेन्स या कंपनीच्या प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरचे वैयक्तिक परवाने घ्यायचे आणि पैसे तुमच्या कंपनीने परत द्यायचे, असं तुम्हाला कुणीतरी सुचवलंय. कृपया तसं करू नका. वैयक्तिक परवाना ऑफिसच्या कामाला चालतो, पण पैसे स्वतःच्या खिशातूनच जायला हवेत. आमच्याकडे एकाने बिल खर्चाच्या फॉर्मला जोडलं, अकाउंट्सने मंजूरही केलं. नंतर निस्तरताना नाकी नऊ आले.

जेटब्रेन्सला सलग 12 महिने पैसे भरलेत तर सबस्क्रिप्शन थांबवल्यावरही त्या वर्षाच्या सुरुवातीची आवृत्ती कायम वापरता येते. छोट्या टीमला हा फार मोठा आधार आहे.

मायक्रोसॉफ्टच्या अशाच सॉफ्टवेअरची, व्हिज्युअल स्टुडिओची, कम्युनिटी आवृत्ती फुकट आहे खरी, पण छोट्या कंपनीच्या खासगी कोडसाठी पाचच जणांना. तुम्ही सहा आहात.