मदत हवी आहे: मॅजिकमध्ये फ्लॅशचा क्रीचर नेमका कधी टाकायचा?

नमस्कार मंडळी,

मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाच्या जाणकारांसाठी प्रश्न आहे. माझ्या हिरव्या डेकमध्ये (पत्त्यांच्या गड्डीत) अँबुश वायपर हा क्रीचर, म्हणजे लढणाऱ्या प्राण्याचा पत्ता आहे. दोन मानाचा (माना म्हणजे पत्ते टाकायला लागणारी ऊर्जा), २/१ (ताकद २, टिकाव १), फ्लॅश (समोरच्याच्या पाळीतही टाकता येतो) आणि डेथटच (याने इजा केलेला क्रीचर मरतो). समोरच्याने हल्ला जाहीर केल्यावर, पण ब्लॉकर ठरण्याआधी तो टाकला तर लगेच ब्लॉक करता येतो, कारण समनिंग सिकनेस (नव्या क्रीचरला लगेच हल्ला करता न येणं) ब्लॉकिंगला आड येत नाही. ब्लॉकर जाहीर झाल्यावर टाकला तर उशीर झाला, तो नुसता उभा राहतो. इथपर्यंत स्पष्ट आहे.

अडतंय ते मेनेसपाशी, म्हणजे ज्याला किमान दोन क्रीचरनी मिळूनच ब्लॉक करता येतं त्या गुणापाशी. समजा, मेनेसवाला ३/३ माझ्यावर आला. माझ्याकडे आधीचा एक क्रीचर आहे, वायपर फ्लॅशने आणला आणि दोघांनी मिळून ब्लॉक केलं. मग समोरच्याने लाइटनिंग बोल्ट या इजा करणाऱ्या मंत्राच्या पत्त्याने वायपर मारला. आता एकच ब्लॉकर उरला, तरी हल्लेखोर ब्लॉक झालेलाच राहतो ना? आमच्या गटात यावर दोन तट पडलेत. माझ्या मते मेनेस फक्त ब्लॉक जाहीर करताना बघायचा, नंतर नाही. नियमाच्या आधारासह कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

आणखी एक, आणि खरं तर हेच जास्त छळतं. समोरचा एका दमात ‘अटॅक, ब्लॉक आहे का?’ म्हणतो. मधे थांबवायला मी काय बोलावं? ‘थांब’ म्हटलं की हातात काहीतरी आहे हे त्याला कळतंच. स्पर्धेत खेळणारे तुम्ही हे कसं करता?