मदत हवी आहे: एकच लेझर प्रिंटर, ड्रायव्हर एका संगणकावर चालतो, इतर दोनांवर नाही

सरळरेघ
जुना कृष्णधवल लेझर प्रिंटर विंडोज १० असलेल्या डेस्कटॉपवर अजूनही बिनतक्रार छापतो. परंतु विंडोज ११ असलेल्या नव्या लॅपटॉपवर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवलेला ड्रायव्हर इन्स्टॉल होता होता मध्येच थांबतो, आणि लिनक्सच्या संगणकावरून एका पानाचे पत्र छापायला दिले की पानामागून पान अगम्य मजकूर बाहेर पडतो. कागदपत्रे उद्याच द्यायची असल्याने जाणकारांनी कृपया थेट उपाय सांगावा.

शाईपुसणी
टोनर बाहेर काढून आडवा धरून हलवावा आणि ड्रम कोरड्या मऊ कापडाने पुसावा.

सरळरेघ
टोनरचा प्रश्नच नाही. डेस्कटॉपवरून छपाई स्वच्छ येते, हे वर लिहिलेच आहे.

आतली_पिन
थेट उपाय सांगता येईल एवढी माहितीच धाग्यात नाही. प्रिंटर यूएसबीने जोडला आहे की नेटवर्कने, लॅपटॉपचा प्रोसेसर कोणता आहे आणि लिनक्समध्ये यादीतून कोणता ड्रायव्हर निवडला, हे आधी सांगा.

कोरेपान
मॅकवर ही कटकटच नाही. ड्रायव्हरशिवाय छपाईची अ‍ॅपलची सोय, एअरप्रिंट, २०१० सालापासून आहे. ड्रायव्हर शोधत बसावे लागत नाही. मायक्रोसॉफ्टनेही २०२३ मध्ये कंपन्यांच्या स्वतंत्र ड्रायव्हरांना टप्प्याटप्प्याने निरोप देण्याचे जाहीर केले आहे.

आतली_पिन
असहमत. ड्रायव्हरशिवाय छपाई व्हायची तर एअरप्रिंट किंवा आयपीपी (नेटवर्कवरून छपाईची सर्वमान्य पद्धत) प्रिंटरलाही कळावे लागते. जुन्या प्रिंटरला ते कळत नसेल तर संगणक बदलून काय उपयोग? शिवाय धागाकर्त्यांकडे मॅक आहे, असे त्यांनी कुठेही म्हटलेले नाही.

सरळरेघ
जोडणी यूएसबीची आहे. लॅपटॉपचा प्रोसेसर आर्म प्रकारचा आहे, पण इंटेलसाठीचे बाकी सगळे प्रोग्रॅम त्यावर चालतात, मग ड्रायव्हरनेच का अडून बसावे? लिनक्समध्ये आमचे मॉडेल यादीत नसल्याने 'जेनेरिक पोस्टस्क्रिप्ट' निवडले. पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात टक्क्याचे चिन्ह, उद्गारचिन्ह आणि त्यालगत 'पीएस-अडोबी-३.०' अशी ओळ येते.

आतली_पिन
त्या ओळीने लिनक्सचा उलगडा झाला. पोस्टस्क्रिप्ट ही पान कसे छापायचे ते प्रिंटरला सांगणारी भाषा, आणि तिची फाइल त्याच ओळीने सुरू होते. तुमच्या प्रिंटरला ती भाषा येत नसल्याने तो आज्ञा पाळण्याऐवजी त्या साध्या मजकुरासारख्या छापत सुटला आहे. मात्र मजकूर छापतो आहे त्या अर्थी तो पीसीएल ही अशीच दुसरी भाषा जाणत असण्याची बरीच शक्यता आहे. संगणकाने तयार चित्र पाठवले तरच छापणारे स्वस्त प्रिंटर बहुधा एवढेही करत नाहीत. प्रिंटरवरचे बटण दाबून कॉन्फिगरेशनचे पान काढा, त्यावर भाषांची नोंद असते. मग लिनक्सच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचे, म्हणजे त्याच संगणकाचे, ६३१ क्रमांकाचे पोर्ट उघडून कप्समध्ये (लिनक्सची छपाई सांभाळणारी प्रणाली) ड्रायव्हर बदला.

लॅपटॉपचे कारण वेगळे आहे. इंटेलचे प्रोग्रॅम विंडोज अनुकरणाने चालवते, पण प्रिंटरचा ड्रायव्हर स्पूलरमध्ये (छपाईची कामे रांगेत लावणारा विंडोजचा भाग) लोड होतो आणि आर्म लॅपटॉपवर स्पूलर आर्मचाच असतो, म्हणून ड्रायव्हरही आर्मसाठी बांधलेलाच लागतो. कॉन्फिगरेशनच्या पानावर पीसीएल ६ दिसल्यास विंडोजमधलाच 'मायक्रोसॉफ्ट पीसीएल ६ क्लास ड्रायव्हर' हाताने निवडून पाहा.

कोरेपान
एवढा खटाटोप करण्यापेक्षा डेस्कटॉपवर पीडीएफ नेऊन छापावी.

सरळरेघ
उद्याचे काम तसेच भागवता येईल, पण प्रश्न कायमचा सोडवायचा आहे. पानावर पीसीएल ५ई आणि पीसीएल ६ दोन्ही आहेत. लॅपटॉपवर क्लास ड्रायव्हरने छपाई झाली. लिनक्सवर जेनेरिक पीसीएल निवडल्यावर अगम्य मजकूर थांबला, मात्र आता केशरी दिवा लुकलुकतो आणि ट्रेमध्ये कागद असूनही प्रिंटर तो ओढत नाही.

आतली_पिन
जेनेरिक ड्रायव्हरमध्ये कागदाचा आकार पुष्कळदा 'लेटर' धरलेला असतो, म्हणजे २१६ बाय २७९ मिलिमीटर. तुमच्या ट्रेमध्ये ए४ असल्यास प्रिंटर लेटरची वाट पाहत बसतो. कप्समध्ये 'सेट डिफॉल्ट ऑप्शन्स' उघडून ए४ करा आणि अडकलेले जुने काम रद्द करून नव्याने पाठवा.

सरळरेघ
ए४ केल्यावर छापले. धन्यवाद.

शाईपुसणी
ड्रम तरीही पुसून घ्यावा.