गुडघ्यातल्या एसीएलचं (हाडं जोडून ठेवणारा लिगामेंट) ऑपरेशन होऊन ३८ दिवस झाले, पाय पूर्ण सरळच होईना. काय करू?

रेडर_गंगाखेड:
नमस्कार मंडळी. वय २३. दिवाळीनंतर कबड्डीच्या सामन्यात रेड मारून परत फिरताना पाय जागेवरच राहिला अन् अंग फिरलं, कट्ट आवाज आला, तिथंच बसलो. एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण तुटलेला. संभाजीनगरला दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, मांडीमागची शीर (स्नायूची दोरी) घेऊन तुटलेल्याच्या जागी बसवली, तिलाच ग्राफ्ट म्हणतात, गुडघ्यातल्या गादीला टाके नाहीत म्हणाले. घरी येताना व्यायामाचा एक झेरॉक्स कागद दिला, चित्रं सगळी काळी पडलेली, अन् फिजिओथेरपी करा म्हणाले. आता परभणीला जाऊन यायचं म्हणजे एसटीतच तीन तास, तेबी पाय लांब करायला जागा भेटत नाही, सहा वेळा गेलो अन् सोडून दिलं. गुडघा काटकोनाच्या थोडा पुढं वाकायलाय पण सरळ होत नाही, जमिनीवर पाय लांब केला तर गुडघ्याखाली चार बोटं जातात, चालताना लंगडतो. रात्री गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं. मामा म्हणायलेत शेजारच्या गावात एकजण चोळून, दाब देऊन एका बैठकीत पाय सरळ करून देतो. जाऊ का? अन् एप्रिलच्या जत्रेत खेळता येईल का? ऋषभ पंत खेळायलाच की.

बीड_लेगस्पिन:
भावा आज रात्रीपासून ती उशी काढ. मी हेच केलं होतं. उशीवर बरं वाटतं कारण गुडघा वाकलेला राहतो अन् तसाच आखडत जातो. मीबी रोज किती वाकलं तेच बघायचो, घरचे पण तेच विचारायचे, किती वाकला किती वाकला, सरळ किती झाला हे कुणीच विचारलं नाही. चार महिन्यांनी परत दुर्बिणीतून आतला गोळा काढावा लागला, तो खर्च अन् ती भूल परत, लई वाईट दिवस होते ते.

मला दुसऱ्यांदा कामी आलं ते असं, पालथं झोपायचं, मांडी टेकलेली, गुडघ्याच्या खालचा पाय काठाच्या बाहेर लटकता. पण बाजेवर करू नको, बाज झोळ खाते, आमच्या ओसरीतल्या लाकडी बाकावर चादरीची घडी टाकून करायचो. पहिले दोन मिनिटं काही वाटत नाही, मग गुडघ्यामागं असं ओढायला लागतं की दात आवळले जातात. दोन्ही टाचा शेजारी शेजारी लटकल्या की आईला विचारायचो कोणती वर आहे. पहिल्या दिवशी तीन बोटं वर होती.

फिजिओ_लातूरकर:
दादा, आधी त्या चोळणाऱ्याचं. अजिबात जाऊ नका. बसवलेली शीर सुरुवातीला मेल्यासारखीच असते, शरीर तिच्यात हळूहळू रक्तवाहिन्या घालून तिला जिवंत करतं आणि त्या काळात, साधारण ६ ते १२ आठवड्यांत, ती सगळ्यात कमजोर असते. तुम्ही नेमके त्याच्या उंबरठ्यावर आहात. झटका बसला तर ग्राफ्ट सैल पडेल.

दुसरं, ३८ दिवसांनी चार बोटं जातात हे वाट बघण्यासारखं नाही. याच आठवड्यात सर्जनना दाखवा. कधी कधी ग्राफ्टच्या पुढं घट्ट मांसाचा गोळा तयार होतो आणि दारात खडा अडकावा तसा गुडघा अडतो, तसं असेल तर व्यायामानं सुटत नाही. तसं नसेल तर बहुतेक वेळा मांडीचा पुढचा स्नायू झोपलेला असतो. सूज असली की शरीरच त्याला बंद ठेवतं. त्याला उठवायचं. टाचेखाली दस्तीची गुंडाळी, गुडघा मोकळा, आता मांडी आवळून गुडघा खाली दाबा, पाचपर्यंत मोजा, सोडा. गुडघ्याची वाटी वर सरकलेली हाताला लागली पाहिजे, नाही लागली तर स्नायू अजून ओढत नाहीये. दहा वेळा, दिवसातून पाच-सहा वेळा. नंतर कपड्यात गुंडाळून १५ मिनिटं बर्फ. पोटरी एकाएकी सुजली, गरम लागली किंवा दम लागला तर मात्र व्यायाम ठेवा बाजूला आणि लगेच दवाखाना गाठा.

जत्रेचं विसरा. पंतच्या लिगामेंटचं ऑपरेशन जानेवारी २०२३ ला झालं आणि तो मैदानात आला मार्च २०२४ मध्ये, पाठीशी सगळी टीम असताना. २०१६ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता, त्यात खेळायला परतणं ९ महिन्यांपर्यंत जितके महिने लांबवलं तितकं दर महिन्याला पुन्हा दुखापतीचं प्रमाण निम्म्यानं कमी झालं. आणि नुसते महिने मोजून नाही चालत, त्या मांडीची ताकद चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के लागते. कबड्डीत तर सगळा खेळच वळण्याचा.

नांदेडची_आई:
बाळा, माझ्या लेकाचं झालंय म्हणून सांगते. शौचाला खाली बसू नको, डॉक्टर हो म्हणेपर्यंत खुर्ची वापर. आम्ही प्लास्टिकच्या खुर्चीला मधी गोल कापून घेतलं होतं, पण पाय आधी नीट तपासून घे, पातळ खुर्ची फाकते. अन् रोज परभणी नको, फिजिओला सांग की पंधरा दिवसाला येतो, मधले व्यायाम मोबाइलवर शूटिंग करून द्या. आमच्या ताईंनी दिलं होतं. जिल्हा रुग्णालयात पण विचार, तिथं स्वस्तात होतं. सोबत आईला ने, बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे.

रेडर_गंगाखेड:
सगळ्यांचे लई आभार. मामांना फिजिओ ताईंचा मेसेज वाचून दाखवला, थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले मीच नेतो गाडीनं. मंगळवारी सर्जनकडं जायलो. उशी आईनं कपाटात टाकली. दस्तीचा व्यायाम सकाळपासून चार वेळा केला, पहिल्या दोनदा वाटी हलतच नव्हती, चांगल्या पायाची मांडी सोबत आवळली तर या पायाची पण थोडी फडफडली. असं दोन्ही पाय एकदम केलं तर चालतं का ताई?

फिजिओ_लातूरकर:
चालतं, चांगलंच आहे. फडफडली म्हणजे जागी व्हायलीय. फक्त श्वास कोंडू नका, मोठ्यानं आकडे मोजा.