मदत हवी आहे: छोट्या कॅटॅलिटिक बर्नरमधलं प्लॅटिनम थकतंय, कारण कसं शोधू?

नमस्कार मंडळी,

पावसाळ्यात घाटमाथ्यावर सोलर पॅनेलचा भरवसा नसतो. तिथल्या सेन्सरसाठी मी थर्मोइलेक्ट्रिक मॉड्यूलखाली (उष्णतेतून वीज काढणाऱ्या पट्टीखाली) बसेल असा ज्योतीविना जळणारा बर्नर बनवतोय. स्टीलच्या ठोकळ्यात 1.5 मिमीची फट, तिच्यात गॅमा ॲल्युमिनावर (सच्छिद्र ॲल्युमिनियम ऑक्साइडवर) प्लॅटिनमचा थर दिलेली पट्टी. इतक्या अरुंद फटीत ब्युटेनची ज्योत टिकत नाही, भिंती तिची उष्णता खेचून घेतात. म्हणून हा उत्प्रेरकाचा मार्ग, म्हणजे प्लॅटिनमच्या पृष्ठभागावरच गॅस जाळायचा. ताशी 2 ग्रॅम ब्युटेन म्हणजे सुमारे 25 वॅट उष्णता, माझ्या कामाला पुरेशी.

सुरुवातीला पट्टी 250 अंशांपर्यंत तापवली की गॅस पेट घ्यायचा. आता 350 च्या पुढे जावं लागतं. लाली आधी तोंडाशीच दिसायची, ती आत सरकलीय आणि बाहेर न जळलेल्या गॅसचा वास येतो. (चाचण्या एक्झॉस्टखालीच, कार्बन मोनॉक्साइड मीटर लावून.)

पहिला संशय एलपीजीतल्या मरकॅप्टनच्या (वासासाठी घातलेल्या गंधकयुक्त रसायनाच्या) गंधकावर येईल. पण कमी गंधकाच्या लायटर रिफिलवरही तेच होतंय. शिवाय प्लॅटिनम-ॲल्युमिनावर सल्फेट बसल्यावर प्रोपेनचं ज्वलन उलट सुधारतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. गंधकाचा खरा जाच होतो तो मिथेन जाळणाऱ्या पॅलेडियमला. त्यामुळे उरतात दोन शक्यता. एक, उष्णतेने प्लॅटिनमचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे झाले. दोन, मिक्सरच्या सांध्याला लावलेल्या सिलिकॉन सीलंटची वाफ प्लॅटिनमवर जळून सिलिकाचा थर बसला. गॅस डिटेक्टरचे पेलिस्टर सेन्सर (उत्प्रेरकावर गॅस जाळून तो ओळखणारे) सिलिकॉनच्या वाफेने असेच निकामी होतात. पंचाईत अशी, की सर्वाधिक ताप तोंडाशी आणि वाफेचा पहिला माराही तोंडाशीच. जागेवरून काहीच कळत नाही.

एक कोरी पट्टी गॅसशिवाय, नुसत्या हवेत 700 अंशांवर भट्टीत ठेवून मग बर्नरमध्ये लावायचा विचार आहे. तीही उशिरा पेटली तर दोष उष्णतेचा. पण ज्वलनात पाण्याची वाफ असते आणि तिच्यामुळे कण लवकर वाढतात. मग कोरड्या हवेतली चाचणी ग्राह्य धरावी का? भट्टीत वाफ सोडायची सोपी सोय कुणी केली आहे का?

दुसरं, सिलिकॉनऐवजी सांध्याला काय लावता? ग्रॅफाइट गॅस्केट गरम बाजूला हवेत जळेल असं वाटतं. अभ्रकाचं गॅस्केट एवढ्या छोट्या सांध्यात गॅस नीट अडवतं का?

ॲल्युमिनात लँथॅनम (ॲल्युमिना उष्णतेत टिकावं म्हणून वापरतात ते मूलद्रव्य) घालून थर दिलेला कुणाचा अनुभव असेल तर तोही जरूर सांगा. पुढची पट्टी लवकरच करायला घेतोय, त्याआधी ठरवता येईल.