वास्तववादी म्हणजे अर्धा निराशावादी नव्हे

'वास्तववादी माणूस म्हणजे सौम्य शब्दांतला निराशावादीच,' असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. निपाणी-चिकोडीकडची सोयाबीन पेरणी बघा. आशावादी शेतकरी वळवाच्या पहिल्या सरीवरच कुरी (पेरणीचं अवजार) जुंपतो. वरची दोन बोटं माती ओली, खाली कोरडी. कोंब फुटतो आणि आठ दिवस उघडीप पडली की करपतो. मग दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा खर्च दुप्पट. निराशावादी पावसावर विश्वासच ठेवत नाही, वाट बघत बसतो आणि हंगाम हातचा जातो.

वास्तववादी मोजतो. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तो पेरत नाही. त्याआधी ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून आठवडाभर ठेवतो. 70 उगवले तर एकरी 30 किलो बी, 60 उगवले तर 35 किलो. त्याहून कमी आले तर बियाणंच बदलतो. (सोयाबीनचं साल फार नाजूक, पोतं उंचावरून आपटलं तरी उगवण घटते.) तो शेवटी पेरतोच की! निराशा असती तर दाणे मोजत कशाला बसला असता?